होम, गेस्ट

शनिवारी दुपारी बाराला मी शिडी चढतो,
गुणफलकामागच्या पत्र्याच्या खोलीत बसतो.
तासाला अकरा डॉलर, कॉफी फुकट.
बाकी आठवडाभर मातीचे नमुने तपासतो
आयोवातल्या याच कॉलेजच्या तळघरात.

फलकावर दोनच शब्द: होम आणि गेस्ट.
पहिला मला इंग्रजीत कधी वाचताच आला नाही.
समिधा दिसतात, तूप दिसतं,
डोळ्यांत जाणारा धूर.

सप्टेंबरात पोरं पेटलेलीच होती.
पहिला सामना चोवीस-शून्य. दुसरा एकतीस-दहा.
तिसऱ्यात शेवटच्या मिनिटाला
कोल्बी रेनरनं असा चेंडू फेकला
की तो पत्ता विचारत विचारत यावा
तसा नेमक्या हातांत येऊन पडला.
गावातल्या एकुलत्या न्हाव्यानं काचेवर
निळ्या रंगात लिहिलं, यंदा आपलंच.
बगळ्याच्या सोंगातली पोरगी एका पायावर नाचली.
(संघाचं नाव निळे बगळे. हसा खुशाल.)

चौथ्या सामन्यात कोल्बीचं गळ्याचं हाड मोडलं.
आवाज वरपर्यंत आला नाही.
एवढंच दिसलं की सगळ्यांनी एकेक गुडघा टेकला
आणि गर्दीत एक बाई उभी राहिली.

ती धरून ओळीनं पाच पराभव.
तपशील काय सांगायचा?
गेस्टची कळ दाबून दाबून गुळगुळीत झाली.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडं फुटबॉल पायानं खेळतात.
आपली पेठ हरली तर चार दिवस
दुसऱ्या पेठेतनं सायकल न्यायची सोय नसते.
इथं चेंडूला टोकं, तो पोटाशी धरून पळायचं,
आणि खरा पायाचा गडी एकच, सोरेन हाल्वरसन,
एकोणीस वर्षांचा, गोठ्यात वाढलेला,
सामन्यात पाच-सहा वेळा आत येणारा.
बाकीचा वेळ कडेला उभा, एकटाच,
जाळीत चेंडू मारत.
मी त्याच्याकडंच बघत असतो.

ऑक्टोबरातला तो सामना. वीस-एकवीस.
घड्याळात शून्य, आणि एका गुणाची लाथ बाकी,
जी शाळेतलं पोरगंही मारतं.
चेंडू डाव्या खांबाला लागला.
टण्ण.
हा आवाज मात्र वर आला.
माझं बोट कळीवर होतं.
उचलायला फार वेळ लागला.

सोमवारी तो तळघरात आला, डबा गरम करायला.
मायक्रोवेव्ह फिरत होता, आम्ही दोघं त्याच्याकडं बघत होतो.
'वारा होता,' मी म्हणालो.
'वारा नव्हता,' तो म्हणाला,
आणि वाफाळता डबा बाहीनं धरून गेला.

नवव्या आठवड्यात जिंकलो, तळाच्या संघाशी, नऊ-सहा.
न्हाव्यानं तोवर काच पुसून घेतली होती.

शेवटचा सामना बर्फात.
दोनशे माणसं, त्यांत निम्मे आईबाप.
कोल्बी गळ्यात हात बांधून बाकावर,
त्याच्या मांडीवर कुणाचं तरी हेल्मेट.
तीन-अडतीस.
त्यातले तीन सोरेनचे, बेचाळीस यार्डांवरनं,
त्यांचा कुणाला काही उपयोग उरला नव्हता तेव्हा.
चेंडू वर गेला, बर्फात दिसेनासा झाला.
पंचांचे दोन्ही हात वर गेले तेव्हा मला कळलं.
मी ताडकन उठून ओरडलो,
नाद खुळा, मर्दा!
पत्र्याला डोकं आपटलं.
खाली कुणी वळून बघितलं नाही.

सामना संपला की फलक लगेच बंद करायचा,
वीज वाचते, असं कोच पुलास्कींनी
पहिल्याच दिवशी बजावलेलं.
मी पाहुण्यांचे अडतीस विझवले.
होमखालचे तीन राहू दिले
शिडी उतरून, गाडीवरचा बर्फ
खरवडून होईपर्यंत.

मग परत चढावंच लागलं.